उतराई

रविवारी सात वाजता आम्ही जमतो
वाचनालयामागच्या टिनाच्या शेडमध्ये.
तिथं नाव ठेवली आहे, दोन ओंडक्यांवर,
नाक वैनगंगेकडे.
नदी इथून दिसत नाही. मध्ये धानाच्या बांध्या,
मोबाइलचा टॉवर, आणि पूल.

पुलावरून पहिली यष्टी मीच नेली होती.
नारळ, फटाके, बंपरला झेंडूची माळ.
खाली सुकरू वलथरे उभा होता, बांबू रोवून,
नाव रिकामी.
त्यानं हात वर केला.
मी हॉर्न दिला. लांब दिला.
सलामी समजूनच दिला.

आता मी निवृत्त, आणि हातात खरवडणी.
वरचा निळा रंग जिल्हा परिषदेचा,
त्याखाली कुण्या घाट-ठेकेदाराचा हिरवा,
मग डांबर, मग राळ,
मग बिजा,
तांबूस, जणू परवाच चिरलेला.

चहा ज्याचा त्यानं आणायचा, एवढाच नियम.
मडावी सिस्टर मोहाच्या टोरीचं तेल आणतात,
सलाइनच्या बाटलीत.
दुष्यंत नाकाडे दोनदा बारावी नापास,
पण फटीत अंबाडीचा पेळू तो असा ठोकतो
की सुकरू काही बोलत नाही.
सुकरूचं न बोलणं म्हणजे पास.

काठाच्या फळीवर खाचा निघाल्या.
बोटभर, बोटभर, ओळीनं, डांबराखाली दडलेल्या.
दुष्यंत म्हणाला, लांबी भरून गुळगुळीत करू.
"भरू नोको," सुकरू म्हणाला.
"माह्या बापाची वही हाय थे.
ज्यानं उतराई देल्ली नाही, त्याची एक खाच."
किती जणांची?
"नावं त त्याच्या डोक्यात होती."

तेव्हापासून जो येतो तो आधी खाचांवरून बोट फिरवतो.
ह्या तीन आमच्या असतील.
ही खोल, ही माझ्या आज्याची, चिवट होता.
एक माणूस गोंदियाहून आला,
दिवसभर तळाला तेल घासत बसला,
नाव न सांगता गेला.

मे महिन्यात लाकूड बोलायला लागलं.
रात्री कट, पुन्हा कट.
"वाळून राह्यली," सुकरू म्हणाला. "तिले पानी पाहिजे."
नळ तीन दिवसांआड.
आम्ही घरटी एक बादली मागायला निघालो
तर कौतिका शेंडे दारातच कडाडली,
"मानसाले नाही आन लाकडाले?"
तिचं खरं होतं.
आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन परत आलो,
वाजू नयेत म्हणून कड्या धरून.

तिसऱ्या दिवशी तीच आली, डोक्यावर गंज.
तांदूळ धुतलेलं पाणी.
"हे चालते का तिले?"
सुकरूनं बोट बुडवून वास घेतला.
"पेज पेते म्हनते त पेऊ दे."

मग साऱ्या आळीचं येऊ लागलं:
तांदळाचं, डाळीचं, भाजीचं,
शाळेच्या खिचडीच्या पातेल्यांचं, जरा पिवळं.
शेडमध्ये आंबूस वास,
तळात गोणपाटं, त्यांवर पांढुरकं पाणी,
आणि छेचाळीस डिग्रीत
शहाण्या पाहुण्यासारखी
ती सगळ्यांचं थोडं थोडं घ्यायची.

एका फटीत दहाचं नाणं उभं जात होतं.
मी रोज घालून पाहायचो.
अडायचं नाही, आरपार खाली पडायचं,
मी वाकून मातीतून शोधायचो,
गुडघे कुरकुरायचे.

काल ते गेलं नाही.
अंगठ्यानं दाबलं, फिरवून दाबलं,
नाही.

सुकरू मागं उभा होता. हात पुढे केला.
मला वाटलं, नाणं पाहायला मागतोय.
त्यानं ते कनवटीला लावलं.

"उतराई," म्हणाला,
आणि खाचांच्या फळीकडे न बघता
गोणपाट पिळायला वाकला.